ऱ्हाईनच्या काठी एक माणूस कमी

ज्या देशात नदी नाही, डोंगर नाही आणि द्राक्षाचा रस आंबवला तर तुरुंगात जावं लागतं, त्या देशातून मी माणसं गोळा करते आणि त्यांना ऱ्हाईन नदीचं खोरं दाखवायला नेते. तिथे नदी आहे, डोंगर आहेत आणि डोंगरांवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाइनसाठी लावलेली द्राक्षं आहेत. उपासाला बसलेल्या माणसाला मिठाईच्या दुकानातून फिरवून आणायचं, असा हा धंदा आहे आणि तो बरा चालतो.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन कुवेतला आले. नवरा इथल्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन. पहिली दोन वर्षं मी वाळूच्या वादळानंतर खिडक्या पुसल्या. मग कंटाळून सालमियातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं काढायला लागले. मालक कुवेती, तो वर्षातून दोनदा दिसतो. कारभार बघतात ते कुरियन सर. ते केरळचे, बोलतात हिंदी. मला मराठी येतं आणि कुवेतमध्ये फिरण्याची हौस असलेले मराठी डॉक्टर, नर्सा आणि इंजिनियर भरपूर आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि मी टूर लीडर झाले. एवढंच माझं शिक्षण.

लोकांना वाटतं टूर लीडर म्हणजे किल्ले दाखवणारी बाई. किल्ले काय, बसच्या खिडकीतून कोणालाही दिसतात. माझं खरं काम तीन गोष्टींचं. माणसं मोजणं, स्वच्छतागृह कुठे आहे ते सांगणं आणि बसमधली पुढची सीट आज कोणाची यावरून होणारी भांडणं मिटवणं. पुढच्या सीटवरून मी जी भांडणं बघितली आहेत त्यापुढे त्या किल्ल्यांवर झालेल्या लढाया किरकोळ वाटतात. हृदयाची ऑपरेशनं करणारा माणूस पहाटे उठून बसच्या पहिल्या सीटवर रुमाल टाकून ठेवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या टूरचं खरं नाव ‘किल्ले आणि द्राक्षमळे’. पण कुवेतमध्ये जाहिरात करायची म्हटल्यावर कुरियन सरांना घाम फुटला. द्राक्षमळे म्हटलं की वाइन आली, वाइन आली की चौकशी आली. म्हणून त्यांनी ‘किल्ले आणि फळबागा’ असं छापलं. तेव्हापासून प्रत्येक टूरमध्ये निदान एक जण मला विचारतोच, की सफरचंदाची झाडं कधी येणार.

आणि आम्ही नेतो ईदच्या सुट्टीत. हल्ली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. तेव्हा त्या वेलींवर मिऱ्याएवढे हिरवे मणी असतात. तरी लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि घरी पाठवतात. किल्ल्यांचंही तेच. पहिला किल्ला दिसला की बसमध्ये ‘अगं, तो बघ’ होतं, चौथ्याला झोप लागते. आणि प्रत्येक किल्ल्यापाशी कोणीतरी म्हणतंच, की आपल्या गडांपुढे हे काहीच नाही. असं म्हणणारा माणूस सहसा लिफ्ट आहे का ते विचारून मगच बसमधून उतरलेला असतो.

एका टूरमध्ये कुवेतमधल्याच जहरा गावचे एक हिशेबनीस होते. कुवेतची विमानतळावरची तपासणी आपल्याला माहीत आहे असं त्यांना वाटत होतं. परतताना फ्रँकफर्टच्या विमानतळावर त्यांनी मला बाजूला घेऊन अभिमानानं सांगितलं, की शांपूच्या मोठ्या बाटलीत त्यांनी वाइन भरून घेतली आहे. मी त्यांना पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत घेऊन गेले आणि बाटली रिकामी होऊन बाहेर येईपर्यंत उभी राहिले. त्यांची नोकरी, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना आणि इतक्या वर्षांचा संसार त्या बेसिनमध्ये वाहून जायचा वाचला. त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही.

पण आज मला सांगायचं आहे ते डॉक्टर सरनाईक आणि त्यांच्या बायकोविषयी. या दोघांची नावं बदललेली आहेत. ओळखणारे ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

डॉक्टर सरनाईक हाडांचे डॉक्टर. राहायला रुमैथियाला, मोठ्या फ्लॅटमध्ये. आमच्या कंपनीच्या दृष्टीनं ते फार मोलाचे, कारण ते ज्या टूरला जातात त्या टूरला त्यांच्या इस्पितळातले पाच-सहा तरी डॉक्टर सहकुटुंब येतात. ते नाही म्हणाले की बाकीचेही नाही म्हणतात. म्हणून कुरियन सर त्यांच्याशी बोलताना उभे राहतात, फोनवरसुद्धा.

डॉक्टर सगळं वाचून आले होते. कोणता किल्ला कोणत्या शतकातला, कोणत्या सरदारानं नदीवर जकात घेतली, सगळं. स्थानिक गाइडचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते दुरुस्त करत. गाइड म्हणजे तिथल्याच गावात जन्मलेली एक मध्यमवयीन बाई होती. तिसऱ्या दुरुस्तीनंतर तिनं मला विचारलं, की हे गृहस्थ इतिहासाचे प्राध्यापक आहेत का. मी सांगितलं, की नाही, गुडघे बदलतात.

त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी सई होती, कॉलेजात शिकणारी. तिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तेही कानातलं गाणी ऐकायचं यंत्र न काढता. आणि बरोबर सुलभाताई, डॉक्टरांच्या पत्नी. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक, नीटनेटक्या. त्यांच्याविषयी मला पहिल्या दोन दिवसांत जे कळलं ते सगळं डॉक्टरांकडून कळलं. सुलभाला थंडी सोसत नाही. सुलभाला चढ चालवत नाही. सुलभा आइस्क्रीम खात नाही, तिचा घसा धरतो. सुलभाला दिशा कळत नाहीत, म्हणून तिचा पासपोर्ट त्यांच्याकडे. सुलभा फोन कुठेही विसरते, म्हणून तिचा फोनही त्यांच्याकडे. नाष्ट्याला मी सुलभाताईंना चहा की कॉफी विचारलं तर उत्तर डॉक्टरांनी दिलं. सुलभाताई हसल्या आणि त्यांनी आलेला चहा प्यायला. यात कुठेही आरडाओरडा नव्हता, अपमान नव्हता. डॉक्टर त्यांची काळजीच घेत होते. इतकी, की त्यांना स्वतःला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आमची बोट होती. रुडेसहाइमला चढायचं आणि सांक्ट गोआर नावाच्या गावी उतरायचं. मधल्या पट्ट्यात नदी अरुंद होते, दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येतात आणि वळणावळणाला एक किल्ला असतो. बोट वाटेत गावागावांच्या धक्क्यांना लागते. आमची बस रस्त्यानं पुढे जाऊन सांक्ट गोआरला थांबते. ड्रायव्हर योसिप नावाचा क्रोएशियाचा. त्याचा एकच नियम, तो म्हणजे वेळ. तिथल्या कायद्यानं ड्रायव्हरला ठरलेल्या तासांपलीकडे गाडी चालवता येत नाही, त्यामुळे उशीर झाला की तो काही बोलत नाही, फक्त घड्याळाकडे बघतो. ते जास्त भीतीदायक असतं.

बोटीवर वाइन चाखण्याचा कार्यक्रम होता. डॉक्टरांनी सगळ्यांना पेला दांडीला धरायला शिकवलं, वास कसा घ्यायचा ते शिकवलं आणि वाइनमध्ये डोंगराच्या पाटीच्या दगडाची चव लागते असं सांगितलं. वर्षभर ताकावर जगणाऱ्या मंडळींनी माना डोलावल्या. सगळ्यांना दगडाची चव लागली. मग वरच्या डेकवर फोटोंची धुमाळी झाली. बोट मध्ये दोन-तीनदा थांबली, पुढे निघाली.

सांक्ट गोआरला उतरल्यावर मी माणसं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. या धंद्यात पहिल्यांदा कमी आलं तर आपलं चुकलं, दुसऱ्यांदा कमी आलं तर माणूस हरवलं. सुलभाताई नव्हत्या.

डॉक्टर म्हणाले, बाथरूममध्ये असेल, तिला वेळ लागतो. मी बोटीवर परत चढले. खालचा मजला, वरचा मजला, स्वच्छतागृहं, खानावळ, सगळं बघितलं. बोट पुढे जायची होती. तिथल्या माणसाला मी सांगितलं की आमची एक बाई सापडत नाही, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला आणि त्यानं आधी नदीकडे बघितलं. त्या पट्ट्यात पाण्याला भयंकर ओढ आहे. नांगरलेली बोटसुद्धा थरथरत असते. त्याच्या मागोमाग डॉक्टरांनी नदीकडे बघितलं आणि त्यांना कळलं तो काय विचार करतोय ते.

 डॉक्टर कठड्याला धरून उभे राहिले. बोटीच्या माणसानं विचारलं, की तिनं काय घातलं होतं.  डॉक्टरांनी सईकडे पाहिलं. सईनं कानातलं यंत्र काढलं होतं. तिलाही सांगता येईना. किल्ल्यांची शतकं ज्यांना पाठ होती त्यांना बायकोच्या अंगावरचा रंग आठवत नव्हता. मला आठवत होता, कारण दिवसभर डोकी मोजायची तर रंगांवरूनच मोजावी लागतात. मी सांगितलं, राखाडी सलवार, वर गडद हिरवा स्वेटर, कापडी पिशवी.

बोटीचा माणूस वायरलेसवर कोणाशी तरी बोलला. मग बोटीवरून धक्क्यावर दोर टाकणारा एक तरुण धावत आला. हिरव्या स्वेटरची बाई मागे बाखाराख नावाच्या गावी उतरली, असं त्यानं सांगितलं. त्यानंच हात देऊन तिला उतरवलं होतं. एकटीच होती. घाबरलेली होती का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही, तिनं आभार मानले आणि सरळ गावात चालत गेली.

डॉक्टर धक्क्यावरच्या पायरीवर बसले. एवढा वेळ भीती होती म्हणून राग आला नव्हता, आता यायला जागा झाली. ते म्हणाले, गोंधळली असणार. बोट थांबली, हिला वाटलं आपलंच ठिकाण. तेवढ्यात गटातले पोतनीस नावाचे गृहस्थ पुढे आले. सगळ्यांना वाटलं धीर द्यायला आले. त्यांनी मला विचारलं, की मग कोब्लेंझच्या हॉटेलातलं पंजाबी जेवण गार होणार का.

मी योसिपला सांगितलं, की सगळ्यांना कोब्लेंझला घेऊन जा, जेवू घाल. त्यानं घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली. डॉक्टर, सई आणि मी बाखाराखच्या आगगाडीत बसलो. नदीला चिकटून जाणारी ती छोटी गाडी आहे. खिडकीतून तेच किल्ले उलट्या क्रमानं दिसत होते आणि पहिल्यांदाच डॉक्टर त्यांच्याविषयी काही बोलत नव्हते. सई मात्र मधेच मला मराठीत म्हणाली, “आईला ट्रेनचं तिकीटही काढता येत नाही.” मग म्हणाली, “म्हणजे, आम्ही कधी काढू दिलं नाही.”

बाखाराख म्हणजे नदी आणि डोंगर यांच्यामध्ये कशीबशी मावलेली एक गल्ली. लाकडी चौकटींची वाकडी घरं, जुनी तटबंदी आणि मागे लगेच द्राक्षमळ्यांचा चढ. आम्ही गल्लीतली दुकानं बघितली, चर्च बघितलं. डॉक्टर म्हणत होते, की ती एखाद्या बाकावर रडत बसली असेल, स्टेशनजवळच बघू. स्टेशनजवळ कोणी नव्हतं. शेवटी आइस्क्रीम विकणाऱ्या बाईला मी विचारलं. तिनं वरच्या अंगाला बोट दाखवलं.

चर्चच्या बाजूनं दगडी पायऱ्या वर जातात. वाटेत लाल दगडाच्या, छप्पर उडालेल्या एका प्रार्थनामंदिराचा सांगाडा लागतो आणि त्याच्या वरच्या अंगाला वेली सुरू होतात. चढ खडा आहे. डॉक्टर दर वळणावर थांबत होते आणि म्हणत होते की सुलभा इथपर्यंत येणं शक्य नाही, तिचे गुडघे मी ओळखतो. दोन वेलींच्या ओळींमध्ये एक बाक होता. सुलभाताई त्यावर बसल्या होत्या. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, स्वेटरही काढला होता. शेजारी कागदाचा रिकामा कप होता. खाली पूर्ण नदी दिसत होती, वळण घेऊन जाणारी, आणि तिच्यावर सावकाश सरकणाऱ्या मालवाहू बोटी. इतकी वर्षं मी त्या गावावरून जाते, त्या बाकावर मी कधी बसलेले नाही. मला माणसं मोजायची असतात.

डॉक्टर खालच्या आवाजात बोलले, पण बोलले. पासपोर्ट नाही, फोन नाही, परक्या देशात पोलिसांनी धरलं असतं तर. आम्हाला वाटलं नदीत पडलीस. सगळा गट खोळंबला. सुलभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. नदीत पडलीस हे ऐकल्यावर मात्र त्यांनी डॉक्टरांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, की तेवढं माझ्या डोक्यात आलं नाही, तुम्ही घाबरलात त्याचं वाईट वाटतं. मग डॉक्टर जरा निवळले आणि म्हणाले, की जाऊ दे, होतं असं, कोणीही चुकतं.

“मी चुकले नाही,” सुलभाताई म्हणाल्या. “मी उतरले.”

डॉक्टरांना ते कळायला वेळ लागला. सुलभाताईंनी सावकाश सांगितलं. बोट थांबली, तुम्ही फोटो काढत होतात. गाव छान दिसलं. कुवेतला आल्यापासून मी गाडीत बसते, तुम्ही थांबवाल तिथे उतरते. आज वाटलं, इथे उतरावं. म्हणून उतरले.

त्या रागावलेल्या नव्हत्या, रडत नव्हत्या. हवापाण्याविषयी बोलावं तसं बोलत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की खाली चर्चजवळ एक बाई खोल्या देते, मी बघून आले आहे. बस तीन दिवसांनी फ्रँकफर्टला जाताना याच रस्त्यानं जाणार ना. तोवर मी इथे राहते, जाताना मला घ्या.

डॉक्टर म्हणाले, असं करता येत नाही. टूरचे नियम असतात. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला नीट कळली. मी एवढंच म्हणायचं होतं, की हो, नियमात बसत नाही. सुलभाताई लगेच चपला घालून उठल्या असत्या, नियम म्हटल्यावर उठणाऱ्यांतल्याच त्या. डॉक्टर पुढच्या वर्षी त्यांचं अर्धं इस्पितळ घेऊन आमच्याकडे आले असते. कुरियन सर आनंदानं उभेच राहिले असते.

मी म्हणाले, “थांबता येतं, डॉक्टर. प्रवासी सांगून थांबला तर कोणाची हरकत नसते.”

डॉक्टरांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही. एखाद्या चुकीच्या जोडलेल्या हाडाकडे बघावं तसं.

सई म्हणाली, मग मीही आईबरोबर राहते. सुलभाताई म्हणाल्या, “नको. तू बाबांबरोबर जा. त्यांच्या सकाळच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते त्यांना माहीत नाही.” आणि डॉक्टरांपुढे हात केला, पासपोर्टसाठी. डॉक्टरांनी कमरेची पिशवी उघडली. आधी सईचा पासपोर्ट काढला, मग स्वतःचा, मग शेवटी सुलभाताईंचा. फोनही देऊ लागले. सुलभाताई म्हणाल्या, फोन तुमच्याकडेच राहू द्या, वाजला की उचलावा लागतो. मी खाली जाऊन खोल्या देणाऱ्या बाईला भेटले, तिचा नंबर घेतला, माझा दिला. सुलभाताईंची बॅग मी संध्याकाळी योसिपच्या ओळखीच्या माणसाबरोबर पोचवली. धंद्यात याला सेवा म्हणतात.

पुढचे दोन दिवस बस हे प्रकरण चवीनं चघळत होती. पहिल्या दिवशी सगळ्या बायका एकमतानं सुलभाताईंच्या विरुद्ध होत्या. नवरा एवढी काळजी घेतो आणि ही अशी. इस्पितळातल्या एका सर्जनबाईंनी तर हा मानसिक आजार असू शकतो असं निदान पुढच्या सीटवरून केलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाई किल्ल्याच्या पायऱ्यांवर मला मागे गाठून म्हणाल्या, की त्या गावात आणखी खोल्या मिळतात का, सहज विचारतेय. तशा सहज विचारणाऱ्या त्या दिवशी चौघीजणी भेटल्या.

पुरुष मंडळी मात्र धास्तावली होती. बस कुठे थांबली की आपापल्या बायकोजवळ जाऊन उभे राहत. त्या टूरमध्ये जेवढे नवरा-बायकोचे एकत्र फोटो निघाले तेवढे आधी कधी निघाले नव्हते.

डॉक्टर शेजारच्या रिकाम्या सीटवर कॅमेरा ठेवून बसत. गोळ्या सई देत होती. दुसऱ्या दिवशी गाइडनं एका किल्ल्याचं शतक चुकीचं सांगितलं. मी डॉक्टरांकडे बघितलं, ते नदीकडे बघत होते. गाइडलाच चुकल्यासारखं झालं आणि तिनं स्वतःच दुरुस्त केलं. नंतर मी तिकिटांसाठी उभी असताना ते माझ्याजवळ आले. म्हणाले, तिनं मला सांगायचं होतं. मी तिथे दोन दिवसांची सोय केली असती. चांगलं हॉटेल बघितलं असतं, सगळ्यांचंच.

 या धंद्यात गप्प बसण्याचाही पगार असतो.

परतीच्या दिवशी बस बाखाराखच्या धक्क्याशी थांबली. सुलभाताई बॅग घेऊन उभ्या होत्या. नाक उन्हानं लाल झालं होतं. सगळी बस खिडक्यांना चिकटली. चौघीजणींना तर काहीतरी जबरदस्त ऐकायचं होतं. एखादा जर्मन म्हातारा, निदान एखादा पेला. सुलभाताई चढल्या तेव्हा कोणीतरी विचारलंच, काय काय केलं. त्या म्हणाल्या, काही नाही, सकाळी उठले, चहा केला, फिरले, बसले. संध्याकाळी पुन्हा फिरले. एवढी निराशा त्या बसमध्ये बंद पडलेल्या एसीनंही कधी झाली नव्हती.

डॉक्टर खिडकीपाशी बसले होते. फोटोंसाठी ती जागा नेहमी त्यांचीच. सुलभाताई जवळ येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर क्षणभर तसेच बसून राहिले, मग उठले आणि बाहेरच्या बाजूला झाले.  फ्रँकफर्टपर्यंत सुलभाताई खिडकीतून बघत होत्या.

कुवेतला परतल्यावर व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी कुरियन सरांना फोन केला आणि टूर लीडरनं प्रवाशांची जबाबदारी घ्यायची असते, कुटुंबांत ढवळाढवळ करायची नसते, असं सांगितलं. कुरियन सरांनी तो फोन उभ्यानं ऐकला आणि बसून मला विचारलं, “वृंदा, झूठ बोलने में तुम्हारा क्या जाता था?”  खरंच काही जाणार नव्हतं. पुढच्या ईदला ते अर्धं इस्पितळ दुसऱ्या कंपनीतर्फे स्वित्झर्लंडला गेलं. मला त्या हंगामात तिकिटांच्या काउंटरवर बसवण्यात आलं. शुऐबाच्या कारखान्यांतून सुट्टीवर गावी निघालेल्या फिटर-वेल्डर लोकांना मी सामानाचं वजन समजावत होते. माणसं मोजायची नाहीत, ही एकच सुखाची गोष्ट. नदीची मात्र आठवण यायची. फळबागांची जाहिरात माझ्याऐवजी दुसऱ्याच मुलीच्या नावानं लागली, तेव्हा वाईट वाटलं हे कबूल करते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, एका दुपारी, सुलभाताई आमच्या ऑफिसात आल्या. एकट्या. खुर्चीवर बसल्या, कापडी पिशवीतून स्वतःचा पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. पोर्तुगालमध्ये एका नदीचं खोरं आहे, म्हणाल्या, तिथेही डोंगरभर द्राक्षं असतात आणि या वेळी मला ती पिकलेली बघायची आहेत, तर सप्टेंबरमध्ये जायचं आहे. एकटीला. एकच गाव, आठवडाभर. बोट, किल्ले काही नको.

मी विचारलं, डॉक्टर? त्या म्हणाल्या, ते बरे आहेत, गोळ्या आपल्या आपण घेतात. मग जरा हसून म्हणाल्या, “खाली गाडीत आहेत. वर येऊ का, असं विचारत होते. म्हटलं, नको, माझं मी बघते.”

विचारत होते, हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी मात्र व्हिसाची माहिती सांगता सांगता अडखळले. कुरियन सर त्यांच्या केबिनमधून बघत होते. सरनाईक नाव ऐकून ते आधीच उभे राहिले होते. किती पॅसेंजर, असं त्यांनी बोटांनी विचारलं. मी एक बोट दाखवलं. ते पुन्हा बसले.

आमच्या गल्लीत त्या वेळी पार्किंग मिळणं अशक्य असतं. सुलभाताई शांतपणे खोल्यांचे फोटो बघत होत्या, एक नको, दुसरी नको, ही खिडकी छोटी आहे, असं म्हणत होत्या. त्यांना कुठलीही घाई नव्हती. मी त्यांच्यासाठी चहा मागवला, त्या म्हणाल्या कॉफी. कॉफी सांगायला मी खिडकीशी गेले आणि खाली बघितलं. पोलीस डॉक्टरांची पांढरी गाडी हाकलत होता. डॉक्टरांनी गाडी काढली, कोपऱ्यावरून वळवली, आणि थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं ती पुन्हा आली. पुन्हा पोलिसानं हात केला. पुन्हा ती पुढे गेली. सुलभाताईंना मनासारखी खिडकी सापडेपर्यंत डॉक्टर आमच्या इमारतीला चकरा मारत होते, आणि एकदाही त्यांनी हॉर्न वाजवला नाही.